ओल्या हातांचा फोन

दुसऱ्याला काय पुरेल हे तुम्ही फार लवकर ठरवता. स्वतःसाठी चपलांचा जोड घ्यायचा तर बाजार पालथा घालता, घालून चालून पाहता, टाच बोचते म्हणून परत करता. आणि दुसऱ्याची पाळी आली की बसल्या जागी सांगता, ‘त्यांना काय लागतंय? एवढं बस्स आहे.’ यात तुमचा कंजूषपणा असतो असेही नाही. पुष्कळदा सद्हेतूच असतो, साधेपणाची ओढ असते, तत्त्व असते. म्हणूनच तर ही चूक चूक वाटत नाही. नाव कुणाचेच घ्यायला नको. खाई त्याला खवखवे.

एकदा एक वृद्ध नैयायिक खाडीकाठच्या एका गावात येऊन राहिले. उभा जन्म त्यांनी महाविद्यालयात न्यायशास्त्र शिकवले होते. एखादी गोष्ट खरी कशावरून मानायची, डोळ्यांनी पाहिलेले किती खरे, कुणी सांगितलेले किती खरे, तर्काने काढलेले किती खरे, हे पारखण्याचे ते शास्त्र. निवृत्तीनंतरही मोजकी मुलेमुली त्यांच्याकडे शिकायला येत. गाव त्यांना नुसते ‘गुरुजी’ म्हणे.

त्या मुलांमध्ये ऋजुता होती. पदवी नुकतीच हातात पडलेली, बुद्धी तल्लख, आणि स्वभाव असा की दूध तापायच्या आतच खाली उतरवायचे. जगातला चंगळवाद आपल्याच हयातीत संपला पाहिजे असा तिचा आग्रह होता. महागड्या फोनच्या मोहावर तिने महाविद्यालयाच्या अंकात एक जळजळीत लेख लिहिला होता. ‘रोजच्या गरजेला साधा, स्वस्त फोन पुरतो, त्यापुढचे सारे मिरवणे आहे’ हे त्यातले वाक्य तिला स्वतःलाच पाठ झाले होते.

एका सकाळी गुरुजींच्या ओसरीवर नागूबाई येऊन बसली. धक्क्यावर मासळी विकणारी, आवाजाने खाडीपलीकडचा माणूस उठवील अशी बाई. तिचा जुना फोन बर्फाच्या पाण्यात पडून गतप्राण झाला होता.

“गुरुजी, तुमच्याकडे शिकलेली पोरं येतात. मला एक फोन बघून द्या. महागाचा नको. पण दगा देणारा पण नको.”

“दगा म्हणजे?” गुरुजींनी विचारले.

“होड्या लागल्या की खाणावळवाली माई मला फोन करते, आज काय पाठव, किती पाठव. मी उचलला नाही तर ती दुसरीला करते. फोन मेल्यापासून माझ्याऐवजी दुसऱ्याच बायका माल देतायत. अजून थोडे दिवस असं चाललं ना, तर ती गेलीच म्हणायची. त्या खाणावळीवर माझी लेक नर्सिंग शिकते, गुरुजी.” मग तिने आवाज जरा खाली आणला. “आणि मी जो घेईन तोच बाकीच्या बायका घेणार. म्हणून म्हटलं, डोकं असलेल्या माणसाला विचारावं.”

गुरुजींनी ऋजुताकडे पाहिले. “हे काम तुझं.”

ऋजुताला आनंद झाला. लेखातले तत्त्व आता कुणाच्या तरी उपयोगी पडणार होते. बाजारपेठेतल्या दुकानातून तिने स्वस्तातला एक फोन चार दिवस वापरून पाहण्यासाठी आणला. सडपातळ, हलका, दिसायला देखणा. तिने त्याची परीक्षा कसून घेतली. पुस्तकांची पाने त्यावर वाचली, आईशी तासतासभर बोलली, व्याख्याने ऐकली, टिपणे केली, फोटो काढले. वापरणाऱ्या लोकांनी लिहिलेली मतेही तिने वाचली. खिडकीशी बसून, पंख्याखाली, एकेक गोष्ट ताडून पाहत तिने निर्णय केला आणि गुरुजींपुढे तो शास्त्राच्या भाषेतच मांडला.

“रोजच्या गरजांना जो पुरतो तो फोन योग्य. हा रोजच्या गरजांना पुरतो. म्हणून हा योग्य. शंकेला जागाच नाही.”

गुरुजी हसले नाहीत, मानही हलवली नाही. “नागूबाईंचं सिमकार्ड या फोनमध्ये घाल,” ते म्हणाले, “आणि दुपार कलली की धक्क्यावर चल.”

होड्या नुकत्याच लागल्या होत्या. धक्क्यावर लिलाव पुकारणाऱ्यांचा गलका, बर्फ फोडल्याचे आवाज, कावळे, मांजरे, हातगाड्या. ऊन पाण्यावरून उसळून थेट डोळ्यांत घुसत होते. नागूबाई पाटीसमोर बसून बांगड्यांचे वाटे लावत होती. इथे मासळी अशी लहान लहान ढीग करून विकतात. एक ढीग म्हणजे एक वाटा.

गुरुजी तिला म्हणाले, “नागूबाई, उठा. माझ्याबरोबर एक चहा घ्या. तोवर पाटी ही सांभाळेल.”

“ही?” नागूबाईने ऋजुताच्या इस्त्रीच्या कुडत्याकडे पाहिले. “गुरुजी, माशाला हात लावेल का ती?”

“लावेल.”

“माईचा फोन यायची वेळ झाली.”

“तो हीच घेईल. फोन हिच्याच पसंतीचा आहे. घेता येईल ना गं?”

“फोन घ्यायचा आहे फक्त?” ऋजुताला हसू आले. “गुरुजी, यात काय विशेष?”

“काही नाही,” गुरुजी म्हणाले आणि नागूबाईला घेऊन समोरच्या टपरीवर जाऊन बसले.

ऋजुताला काही उलगडेना. हा कसला पाठ? एका हाडाच्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थिनीला धक्क्यावर मासे विकायला का बसवावे? पण ती बसली. फोन मांडीवर ठेवला आणि शेजारणीने बजावल्याप्रमाणे बर्फाच्या पाण्यातून बांगडे काढून वाटे लावू लागली. थोड्याच वेळात हात गारठले, बोटांना बुळबुळीत थर चढला, मनगटापर्यंत खवले चिकटले.

“वाटा कसा दिला, बाय?” एका गिऱ्हाइकाने विचारले. ऋजुताला भावच ठाऊक नव्हता. “अगं तोंड उघड की! मासे मुके असतात, विकणारी नको.” आजूबाजूच्या बायका खदखदून हसल्या.

तेवढ्यात मांडीवर काहीतरी थरथरले. फोन! तिने तो उचलला. काचेवर नाव उमटले असणार, पण उन्हात त्या काचेचा आरसा झाला होता. तिला त्यात स्वतःचाच घामेजलेला चेहरा दिसला. तिने अंदाजाने बोट सरकवले. ओल्या बोटाला काचेने दादच दिली नाही. पुन्हा सरकवले. बोट घसरले, फोन घसरला, बर्फात पडता पडता वाचला. तिने बोट ओढणीला पुसले. ओढणीही ओलीच होती. थरथर थांबली.

हरकत नाही, आपण उलटा फोन लावू. तिने अंगठा टेकवला. फोनला तिचा अंगठा ओळखू येईना. अंकांचे कुलूप उघडायला गेली तर काचेवरच्या पाण्याच्या थेंबांनी भलतेच अंक दाबले. एकदा चुकले, पुन्हा चुकले. मग फोनने तिला शिक्षकाच्या थाटात सांगितले की आता जरा थांबा आणि मग प्रयत्न करा.

शेजारी सुरमईचा लिलाव ऐन रंगात आला होता. त्या गदारोळात फोन आणखी वाजला का? वाजला असेल. तिला ऐकू आले नाही. चार दिवस खिडकीशी बसून ज्याची घंटा तिला गोड वाटली होती, ती इथे ढोलताशांत रातकिड्याचा आवाज हरवावा तशी हरवून गेली होती.

चहा संपवून नागूबाई आली. “आला होता माईचा?”

ऋजुताने मान खाली घातली. नागूबाईने पदराचा कोरडा कोपरा शोधला, काच पुसली, पदराची सावली केली आणि पाहिले. माईने फोन केला होता, आणि नंतर पुन्हा केला होता. नागूबाईचा चेहरा एकदम उतरला. ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती पाटीशेजारी बसून राहिली आणि मग हलकेच म्हणाली, “गेली. आता तिने पलीकडच्या पाटीवरच्या रखमाला सांगितलं असणार.” आणि मग एकदम गुरुजींकडे वळून, “गुरुजी, तुमची शिकवणी होते आणि माझी पाटी राहते! मी काय तुमच्या शाळेतला फळा आहे, कुणी येऊन रेघोट्या मारायला?”

उत्तर द्यायची वेळच ऋजुताने गुरुजींना दिली नाही. तिने बांगड्यांची पाटी उचलली, कशीबशी कमरेवर घेतली. “खाणावळ कुठे आहे?”

“मारुतीच्या देवळामागे. पण अगं, तुला ती...”

ऋजुता धावत सुटली होती. पाटीतले पाणी तिच्या कुडत्यावरून ओघळत होते, पायातली चप्पल वाटेत एका वळणावर निघून राहिली, आणि माशांच्या वासाने गल्लीतले एक कुत्रे तिच्यामागे निष्ठेने पळत होते. पेठेतल्या दुकानांतून लोक डोकावून पाहत होते. तिच्या लेखातले कोणतेच वाक्य तिला त्या क्षणी आठवत नव्हते. एकच गोष्ट डोक्यात होती. एका मुलीचे शिक्षण आपण काचेच्या एका तुकड्यावर पणाला लावले, आणि ‘शंकेला जागाच नाही’ असे म्हणालो.

ती परतली तेव्हा पाटी रिकामी होती. “घेतले माईने,” ती धापा टाकत म्हणाली. “थोडे दुसरीकडून आले होते, पण उरलेले घेतले. उद्या फोन उचला म्हणाली.”

नागूबाईने हुश्श केले, रिकामी पाटी उपडी करून त्यावर बसली आणि ऋजुताच्या पायाकडे पाहून म्हणाली, “चप्पल कुठे घालवलीस गो?”

ऋजुता गुरुजींजवळ दगडी पायरीवर टेकली. हातांचा वास जात नव्हता. ते ओढणीला पुसत ती म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“मग सांगितलं का नाहीत? एका वाक्याचं काम होतं.”

“सांगितलं असतं तर तू ते वहीत उतरवून घेतलं असतंस,” गुरुजी म्हणाले. “तुझ्या अनुमानाची मांडणी निर्दोष होती. रोजच्या गरजांना जो पुरतो तो योग्य, हे खरंच आहे. पण धुरावरून अग्नी ओळखायचा, तर तू धूर पाहिलास एका डोंगरावर आणि अग्नी सिद्ध केलास दुसऱ्याच डोंगरावर. ‘रोज’ हा शब्द तू तुझ्या दिवसातून उचललास. तुझा दिवस सावलीतला, शांत, कोरड्या हातांचा. त्या दिवसाला हा फोन पुरतो. त्याबद्दल तू खोटं बोलली नाहीस. नागूबाईंचा दिवस तू पाहिला नव्हतास. मुली, ‘रोज’ नावाची वस्तू बाजारात मिळत नाही. प्रत्येकाचा रोज निराळा असतो, आणि तो त्याच्या जागी बसल्याशिवाय दिसत नाही. आपण साधेपणाची दीक्षा घेतो ती आपल्यापुरती. दुसऱ्याला ती आपण देऊ लागलो की तिचं नाव बदलतं. तिला मग कमी लेखणं म्हणतात.”

शेवटचा शब्द ऋजुताला लागला. पण हार मानून गप्प बसणे तिच्या स्वभावात नव्हते, आणि गुरुजींना ती म्हणूनच आवडे.

“मग माझा लेख चुकला का? नागूबाईंनी महागडाच फोन घ्यायचा?”

“महागडा तुझ्या मांडीवर असता तर तो बर्फात पडेल या भीतीने तू बांगड्यांना हातच लावला नसतास. स्वस्त की महाग, हा प्रश्न विकणाऱ्याचा आहे. त्याचं दुकान त्या प्रश्नावर चालतं. तू तो त्याच्याकडून उसना घेऊन आलीस आणि त्यालाच तत्त्वज्ञान समजलीस. ज्याला विचारायचं त्याला मात्र विचारलंच नाहीस.” आणि गुरुजी नागूबाईकडे वळले. “नागूबाई, तुमची पाटी मी न विचारता पणाला लावली. तुम्ही बोललात ते रास्त होतं.”

“तर काय!” नागूबाई म्हणाली, पण तिचा राग उतरला होता. “चहा तेवढा बरा होता.”

ऋजुता उठली. हात धुवायला नळाकडे निघाली होती, ती थबकली. तिने हात धुतलेच नाहीत. “नागूबाई, चला. दुकान बंद व्हायच्या आत जाऊ. आणि तुम्हीही हात धुऊ नका.”

दुकानात त्या दोघी शिरल्या तेव्हा दुकानदाराने आधी वास घेतला आणि मग वर पाहिले. ऋजुताने तो देखणा फोन पुसून, नागूबाईचे सिमकार्ड काढून घेऊन त्याच्या हाती परत दिला. “हा चांगला आहे. आमचा नाही. याच भावातले बाकीचे दाखवा.”

दुकानदाराने सरावाने सांगायला सुरुवात केली, याचा कॅमेरा असा, त्याचा रंग तसा. ऋजुताने हात वर केला. “शेट, जरा थांबा. आधी या बोलतील.”

नागूबाईने फोन उचलले ते काट्यावर मासा तोलावा तसे. एक घेतला आणि तडक दुकानाबाहेर रस्त्यावर, मावळतीच्या उन्हात जाऊन उभी राहिली. “शेट, फोन लावा यावर!” समोरून ट्रक गेला. “नाय ऐकू येत! दुसरा द्या!” दुसरा घेतला, तर त्याच्या काचेवर उन्हात काहीच दिसेना. तिसऱ्याच्या वेळी ती आत आली आणि तिने पाण्याच्या पिंपाच्या नळाखाली हात ओले करून घेतले.

“अहो बाई! अहो, काय करताय! काच आहे ती!” दुकानदार कळवळला.

“माझे हात असेच असतात, शेट. घरी नेल्यावर कोरडे होणार नाहीत. तिथं रडण्यापेक्षा इथं रडलेलं बरं नाही का?”

ऋजुता पाहत होती. तिच्या परीक्षेत या बाईने विचारलेला एकही प्रश्न नव्हता. फोटो कसे येतात, पुस्तक कसे दिसते, याची नागूबाईला फिकीर नव्हती. फोन तिने पदराच्या गाठीत बांधून पाहिला, कमरेला खोचून खाली वाकून पाहिला, पाटी उचलल्यासारखे करून पाहिला. अंगठ्याऐवजी करंगळीच्या पाठीने काचेला टोचले; ती बाजू कामातही कोरडी राहते, हे ऋजुताला तेव्हा कळले. कडेचे बटण दाबून फोन उचलता येतो का, हेही तिने दुकानदाराकडून काढून घेतले. तो येतो हे त्यालाही ठाऊक नव्हते. फोनच्या पोटात शिरून, शोधून त्याला ते सुरू करावे लागले.

अखेर तिने कोपऱ्यातला एक फोन पसंत केला. जाड, जड, काळा, साबणाच्या वडीएवढा थोराड. किमतीने ऋजुताने आणलेल्या फोनचाच भाऊ. ऋजुताने पहिल्या दिवशी हा फोन पाहिला होता आणि ‘बेढब’ म्हणून बाजूला सारला होता.

“हा?” दुकानदाराला पटेना. “बाई, हा कुणी नेत नाही. फोटो अगदीच सुमार येतात याच्यात.”

“माझे बांगडे गिऱ्हाईक डोळ्यांनी बघून नेतं,” नागूबाई म्हणाली. “त्यांचे फोटो कशाला काढू?”

ऋजुता हसली. तिचे मन आता स्वच्छ झाले होते. स्वस्त फोन पुरतो हे तिचे म्हणणे खोटे ठरले नव्हते. ते पहिल्यांदाच खरे ठरले होते, कारण पहिल्यांदाच ते ज्याच्या त्याच्या हाताने तपासले गेले होते. आता धक्क्यावरच्या बाकीच्या बायकांनी हाच फोन आंधळेपणाने घ्यायचा नाही, हेही तिने मनाशी पक्के केले. बर्फ फोडणारीचा दिवस वेगळा, सुकी मासळी घेऊन गावोगाव हिंडणारीचा वेगळा. एकेकीजवळ बसावे लागेल. बसू. घाई कसली आहे? आणि आपण काही मोठा त्याग करतो आहोत असे तिला या वेळी वाटले नाही.

दुसऱ्याची गरज तोलायची असेल तर आधी त्याच्या जागेवर बसून हात ओले करावेत. मग तराजूला हात लावावा.

नागूबाईचे सिमकार्ड नव्या फोनमध्ये बसते न बसते तोच तो खणखणला. दुकानातली सगळी माणसे दचकली. नागूबाईने ओल्या हातानेच कडेचे बटण दाबले. खाणावळीच्या माईचा आवाज दुकानभर घुमला:

“नागू, उद्या सौंदाळे पाठव, आणि आज आली होती ना, त्याच पोरीकडून पाठव! मी आपलं रोजच्यासारखं भाव पाडायला म्हटलं, बांगडे मऊ पडलेत, तर ती बिचारी माझी माफीच मागायला लागली गो!”